कोठारातली भुई

आमच्या वस्तीत हल्ली ज्याला विचारावं तो म्हणतो, मला तेव्हाच शंका आली होती. न्हावी म्हणतो, गिरणीवाला म्हणतो, माझी सासूही म्हणते. इतक्या जणांना इतकी शंका होती, तर चाळीस वर्षं एक माणूस कोठाराच्या भुईखाली कसा राहिला, हे विचारलं की मात्र सगळ्यांना कामं आठवतात. आळीमिळी गुपचिळी. आता त्याचं जे काय उरलं होतं ते वर आलंय, पेपरात छापून आलंय, आणि त्या गोष्टीत आपण शहाणे होतो असं प्रत्येकाला दिसायला हवंय.

म्हणून मी सांगते. मी काही तेव्हा इथं नव्हते, सून म्हणून आले ती फार नंतर. माझा बाप समुद्रापलीकडून आलेल्यांतला आणि आई इथलीच, म्हणून वस्तीत मला ‘अर्धी’ म्हणतात. पाठीमागं म्हणतात, तोंडावर म्हणायची छाती सासूखेरीज कुणाची नाही. जिची ही गोष्ट आहे तिला मात्र तोंडावर म्हणायचे, ‘पळपुट्याची’. पळून गेलेल्याची बायको. मी तिला काकू म्हणायचे. तिची आणि आमची भिंत एक.

आमची माणसं बोटीतून उतरून इथवर आली तेव्हा इथं काटेरी झुडपं आणि दगड होते. त्यांना आणलं वाटाड्यानं. हे त्याचं टोपणनाव, आणि त्याला ते फार आवडायचं. त्याला इथली भाषा थोडी यायची. बाकीच्यांना अजिबात येत नव्हती, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी. सरकारी माणसाशी बोलायचं तर वाटाड्या, डॉक्टरला दुखणं सांगायचं तर वाटाड्या, बियाणं आणायचं तर वाटाड्या. एकदा वाट दाखवली आणि जन्मभर पुढं चालायचा परवाना मिळाला. लोकांनीही तो आनंदानं दिला, कारण मागून चालायला डोकं लागत नाही.

एकट्यादुकट्यानं घर उभं राहत नाही म्हणून वस्तीनं सावड सुरू केली. आज सगळे मिळून तुझी भिंत घालणार, पुढच्या खेपेला सगळे मिळून माझं छप्पर. हे चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या लोकांच्या हातात चांगली गोष्ट दिली की तिचा ते धाक करतात. जो सावडीला आला नाही त्याच्या घरी कुणी जायचं नाही. ताप असो, बाळंतपण असो, यायचं म्हणजे यायचं. आणि कुणाकडे काय काम निघालंय, ते का निघालंय, हे विचारायचं नाही. विचारलं की एकी मोडली. ‘आपण परक्या मुलखात आहोत’ हे वाटाड्याचं पालुपद असायचं. त्यावर सगळे माना डोलवायचे. मान हलवायला तरी काय लागतं?

काकूचा नवरा सुतार होता. बोलायला कमी, कामाला चोख. कमरेला कायम एक छोटा पितळी गुण्या खोचलेला, काटकोन बघायचा. जेवायला बसला तरी गुण्या कमरेलाच. काकू म्हणायची, माझ्याकडे एवढं लक्ष दिलं असतं तर.

वस्तीच्या वरच्या अंगाला ओढा आहे. ओढा सगळ्यांचा, हे आल्या दिवशीच ठरलं होतं. एका उन्हाळ्यात वाटाड्यानं त्याला बांध घातला आणि पाणी आपल्या शेताकडे वळवलं. खालची शेतं वाळायला लागली. लोक कुजबुजले, उसासे टाकले, आणि वाटाड्या दिसला की त्याच्या तब्येतीची चौकशी करायला लागले. सुतारानं पहार घेतली, भर दुपारी सगळ्यांच्या देखत बांध फोडला आणि घरी येऊन जेवला. वाटाड्यानं तो पुन्हा घातला. सुतारानं पुन्हा फोडला. पाणी सगळ्यांनी घेतलं, बाजू कुणी घेतली नाही.

मग एका सकाळी सुतार कुठल्याशा तुळईचं माप घ्यायला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही.

वाटाड्यानं सांगितलं की आपण त्याला स्टेशनच्या रस्त्यावर पाहिलं. हातात गाठोडं होतं आणि झपाझप चालत होता. बस्स, एवढंच सांगितलं त्यानं. पुढचं काम लोकांनी केलं. संध्याकाळपर्यंत गाठोड्याच्या जोडीला एक बाई आली. दुसऱ्या दिवशी त्या बाईला शहरात घर मिळालं. आणखी एक दिवस जाता तर तिला मूलही झालं असतं.

काकू घरोघर फिरली. तिचं म्हणणं साधं होतं. “करवत घरात आहे. सुतार करवत टाकून जातो होय?”

“नवी बायको मिळते,” कुणीतरी म्हणालं, “तर नवी करवत मिळत नाही?”

यावर सगळी वस्ती हसली. माझी सासूही हसली होती, हे तिनं स्वतः मला सांगितलंय, माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षात, गमतीची गोष्ट म्हणून. मी हसले नाही तेव्हा म्हणाली, “तुला आपली थट्टा कळत नाही. अर्धीच ना तू.”

पोलिसांत जायचं तर भाषा येत नव्हती. भाषा येत होती एकट्या वाटाड्याला. म्हणून काकू त्याच्याच दारात गेली. आता कळतं तेव्हा अंगावर काटा येतो, पण तेव्हा ती गेली आणि म्हणाली, माझ्याबरोबर चला, पोलिसांना माझं म्हणणं सांगा. वाटाड्या तिच्यावर चिडला नाही. समजुतीनं बोलला. “वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? उद्या ते म्हणतील ही माणसं धड नाहीत, पाठवा सगळ्यांना बोटीनं परत. एका बाईच्या नवऱ्यापायी सगळ्या वस्तीनं जायचं का?” हे ऐकायला बाकीचे उभेच होते. त्यांनाही ते पटलं. न पटून सांगतात कुणाला?

त्या वेळी सावड काकूच्या घराची होती. तिचं छप्पर फाटलं होतं आणि पावसाळा तोंडावर आला होता. सुतार नाहीसा होऊन तीन-चार दिवस झाले असतील, तेवढ्यात वाटाड्यानं निरोप फिरवला, आधी माझ्या कोठाराची भुई करायची, धान्य येतंय. धान्य तेव्हा शेतात होतं, हिरवंगार. येता-जाता प्रत्येकाला ते दिसत होतं. कुणी विचारलं नाही की बाबा, हिरवं धान्य कोठारात चालत येणार आहे का?

लोक पोचले तेव्हा भुई आधीच खणून, सैल माती भरून तयार होती. ज्यानं उभ्या जन्मात कुदळ हातात धरली नाही, त्यानं एकट्यानं कोठार खणून ठेवलं होतं. “म्हटलं, तुम्हाला तेवढाच त्रास कमी,” वाटाड्या म्हणाला. त्याच्या तळहाताला फोड आले होते ते त्यानं दाखवलेसुद्धा. आणि आमच्या लोकांनी काय करावं? त्याचं कौतुक केलं. मोठा माणूस असून मातीत हात घालतो, असा पुढारी मिळायला भाग्य लागतं, वगैरे. दुसऱ्या कुठल्या गावात निदान एखादं शेंबडं पोर तरी विचारतं. आमच्यात पोरांनाही वळण चांगलं.

पुरुषांनी धुमस घेऊन माती ठोकली. वर पाणी शिंपडलं. मग बायका रांगेनं बसल्या, प्रत्येकीच्या हातात लाकडी चोपणं, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भुई चोपत सरकत गेल्या. काकूही त्या रांगेत होती. तिला यावंच लागलं. आली नसती तर तिचं छप्पर राहिलं असतं. माझी सासू तिच्या शेजारी बसली होती. ती सांगते, “नवरा जाऊन चार दिवस नाही झाले, आणि ही बाई असली चोपत होती म्हणून सांगू. तिच्या बाजूची भुई दगडासारखी झाली. वाटाड्यानं सगळ्यांदेखत शाबासकी दिली तिला.” ही गोष्ट पुढं वस्तीत पुरावा म्हणून चालली. बाईला काही वाटतच नव्हतं, असल्या बाईजवळ कोण राहील, सुतार पळाला त्यात नवल काय. चोपलं नसतं तरी म्हणाले असते की बघा, पळपुट्याची बायकोही कामचुकार.

पुढच्या खेपेला तिचं छप्पर घातलं हो. शब्दाला जागतात आमचे लोक.

पावसाळा संपला तेव्हा कोठाराच्या एका कोपऱ्यात भुई खचली. माणूसभर लांबीचा खळगा. वाटाड्या म्हणाला, नवी जमीन बसतेच. सगळ्यांनी पुन्हा माती टाकली, पुन्हा चोपली. त्याच्या पुढच्या वर्षी तिथंच पुन्हा खचली, पुन्हा चोपली. सुतार तीनदा पुरला गेला, आणि तिन्ही वेळा सावडीनं.

पुढं त्याच कोठारात वस्तीच्या बैठका व्हायला लागल्या. लग्नं व्हायला लागली, कारण एवढी मोठी सपाट जागा दुसरी नव्हती. माझंही लग्न तिथंच झालं. काकूला मांडवात बोलावत नव्हते. टाकलेल्या बाईचं तोंड नवरीनं बघू नये म्हणे. पण नवरा-नवरीला बसायची चौरंगाची जोडी तिच्याच हातची होती.

कारण ती सुतार झाली होती. करवत घरात होतीच. रंधा होता, पटाशी होती, नवऱ्याचं काम बघून बघून डोळ्यात बसलेलं होतं. आधी पाट केले, मग खिडक्या, मग दारं. वस्तीतल्या बहुतेक घरांची दारं तिची आहेत. दारं तिची आणि तिला मात्र दारात उभं करायचं नाही. तिच्या पुढच्या खोलीत कामाचं मोठं टेबल, त्याच्याखाली कायम रंध्यानं सोललेल्या लाकडाच्या शेवांचा ढीग. मी दुपारी तिच्याकडे जाऊन बसायचे, त्या शेवा पायानं उडवत. सासूला ते खपायचं नाही. म्हणायची, वाण नाही पण गुण लागेल.

वाटाड्यानंही कोठाराचं दार तिच्याकडूनच करून घेतलं. दार बसवून झाल्यावर म्हणाला, “पळपुट्यापेक्षा तुझा हात बरा आहे गं.”

“दार सरळ आहे,” काकू म्हणाली. “लागलं नाही तर भिंत वाकडी म्हणायची. मला बोलावू नका.”

एकदा मी तिला विचारलं, काकू, तुम्ही इथून गेला का नाही? ती पटाशीला धार लावत होती. म्हणाली, “मी गेले तर तो पळाला हे कायमचं ठरेल. मला दुसरं काही नको. कुणीतरी एकदा माझ्यासमोर उभं राहून म्हणावं, तो पळाला नव्हता. मग मी मरायला मोकळी.” इथली भाषा कामापुरती शिकल्यावर ती एकटी पोलिसांतही जाऊन आली होती. तिथल्या माणसानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की बायकोला सोडून जाणं हा गुन्हा नाही. येताना तिनं बाजारातून खिळे आणले. फेरी फुकट जाऊ नये म्हणून.

वाटाड्या म्हातारा होऊन, अंथरुणात, मुला-नातवंडांच्या गराड्यात मेला. असल्यांना मरणही छान येतं. वस्तीनं त्याचा पुतळा केला, छातीपर्यंतचा, आणि कोठारासमोर बसवला. नंतर त्याचा मुलगा समितीचा अध्यक्ष झाला. त्याला सगळे धाकटा म्हणतात, आता पन्नाशी उलटली तरी. धाकट्यानं ठरवलं की कोठार पाडून, खाली फरशी घालून सभागृह करायचं, बापाच्या नावाचं. सावड केव्हाच बंद पडली होती. सगळ्यांचे गुडघे गेले, पोरं शहरात गेली. म्हणून बाहेरचा ठेकेदार बोलावला, इथलाच माणूस, आमच्यातला नव्हे. हेच नशीब. सावडीनं काम निघालं असतं तर आमच्या लोकांनी हाडं बघितली असती, एकमेकांकडे बघितलं असतं आणि वर माती टाकून चोपली असती.

ठेकेदाराला आमच्या एकीची काय माहिती? त्याच्या यंत्राला कोपऱ्यात कवटी लागली, तसं त्यानं यंत्र थांबवलं आणि खिशातून फोन काढून सरळ पोलिसांना लावला. धाकटा धापा टाकत आला आणि त्याच्यावरच ओरडला, “आधी समितीला विचारायचं ना.”

“समितीनं मारलं होतं का?” ठेकेदारानं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

पोलिसांनी काकूला बोलावलं. मी बरोबर गेले, भाषेसाठी आणि हात धरायला. टेबलावर एका कागदावर त्यांनी गुण्या ठेवला होता, हिरवा पडलेला. काकूनं तो पदरानं पुसला. नुसतं बघत राहिली नाही, रडली नाही. टेबलाच्या कोपऱ्याला लावून बघितला. म्हणाली, “हे टेबल वाकडं आहे.” मग खाली बसली आणि म्हणाली, “त्याचाच.” तो पोलीस जेमतेम तिशीचा होता. मी सांगितलेलं त्यानं ऐकून घेतलं आणि तिला म्हणाला, “आजी, म्हणजे ते कुठं गेलेच नव्हते.” काकूनं मला विचारलं, काय म्हणाला? तिला कळलं होतं. तरी मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं.

कवटीला मागून तडा होता. ज्यानं मारलं तो मेलेला, तेव्हा शिक्षा कुणाला करणार? प्रकरण बंद झालं. आणि आमची वस्ती उघडली. साप गेला, आता भुई धोपटायची. जुन्या गुन्ह्यांवर पुस्तकं लिहिणारी कोणी बाई रेकॉर्डर घेऊन आली, तर तिच्यासमोर रांग लागली. माझी सासू ठेवणीतले कपडे घालून गेली. “भुई दोनदा खचली तेव्हाच मी मनात म्हटलं होतं,” असं तिनं सांगितलं. मनातलं म्हणणं बरं असतं, त्याला साक्षीदार लागत नाही. पुतळ्यावर कुणीतरी पोतं टाकलं. तो काढावा की ठेवावा यावर समिती तीन वेळा बसली. तो अजून तिथंच आहे, पोत्यासकट.

हाडं ताब्यात मिळाली तेव्हा काकूनं पेटी करायला घेतली. सागवान बाजूला काढून ठेवलेलं होतं. स्वतःसाठी ठेवलं होतं, मला माहीत होतं. ती रंधा मारत असताना धाकटा आणि समितीचे दोघं-तिघं आले. सासूही त्यांच्या मागून शिरली.

“काकू,” धाकटा म्हणाला, “वस्तीनं ठरवलंय. सावड लावायची, जुन्या पद्धतीनं. खड्डा आम्ही खणू. घरटी एक माणूस येईल, प्रत्येकजण फावडंभर माती घालेल. शेवटी तो आपला माणूस.”

रंधा चालूच होता. “आपला कधीपासून?”

“झालं गेलं विसरायचं आता. सगळ्यांच्या मनाला लागलंय ते. काहीतरी करू द्या.”

काकूनं रंधा ठेवला. पात्यात अडकलेली शेव काढली. “त्याच्यावर माती घालायची सावड झाली,” ती म्हणाली. “तीनदा झाली. कुणी चुकवली नव्हती, ताप आलेलेसुद्धा आले होते. आता कुणाची बाकी नाही. जा.”

ते गेले. सासू दारात घुटमळली. “मी पण नको का गं?” तिनं विचारलं. काकूनं पुन्हा रंधा उचलला.

माती द्यायच्या दिवशी तरीही सगळे आले. लांब, स्मशानाच्या कुंपणापाशी उभे राहिले, फावडी पाठीमागं धरून, चोरी करायला आल्यासारखे. ठेकेदार मात्र न बोलावता आला होता आणि सरळ आत आला. त्यानं आणि मी दोरानं पेटी खाली सोडली. पेटी लहानशीच होती. मी फावडं काकूपुढं धरलं. म्हटलं, “काकू, पहिली तुम्ही.”

तिनं हात मागं घेतले.

“मी त्या रांगेत होते,” ती म्हणाली. “करवत घरात आहे, करवत घरात आहे, असं सगळ्यांना सांगत फिरत होते, पण मनातून मलाही वाटायला लागलं होतं की गेला. टाकून गेला मला. तो सगळा राग मी त्या भुईवर काढला. सासू सांगते ना तुझी, सगळ्यात जोरात मीच चोपत होते? खरं सांगते ती.” तिनं फावडं माझ्याकडेच ढकललं. “तू नव्हतीस तेव्हा. हाही नव्हता. तुम्ही दोघं घाला.”

मग आम्ही दोघांनीच घातली, अर्धीनं आणि परक्यानं. सगळी वस्ती कुंपणाला टेकून बघत होती आणि कुणाच्या तोंडून चकार शब्द निघत नव्हता. ती सवय त्यांना आहेच. मातीचा ढीग वर आला तसं ठेकेदारानं कपाळ पुसलं आणि धंद्याच्या सवयीनं फावडं उलटं करून वर उचललं, वरची माती ठोकून घट्ट करायला.

काकूनं त्याचं मनगट धरलं.

“चोपू नको,” ती म्हणाली. “राहू दे तशीच.”